मालिका उरकली की रेंगाळली? गतीच्या भांडणाबद्दल एका पटकथालेखिकेचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या ड्रॅगन आणि सिंहासनाच्या इंग्रजी मालिकेचा आठवा, शेवटचा सीझन घाईत उरकला म्हणून जी मंडळी चिडली होती, तीच आता तिच्या आधीच्या काळाची गोष्ट सांगणाऱ्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या दुसऱ्या सीझनला ‘काही घडतच नाही’ म्हणून नावं ठेवतात. प्रश्न विचारणाऱ्याचा मामेभाऊ म्हणतो, या लोकांना काहीही वाढा, ते मीठ कमी म्हणणारच. प्रश्नकर्त्याचं स्वतःचं मत असं की आठव्या सीझनला सहाऐवजी दहा एपिसोड मिळाले असते तर सगळं जागेवर बसलं असतं. दोघांत बरोबर कोण? आणि जाता जाता, ड्रॅगनवाला दुसरा सीझन पुन्हा बघण्याच्या लायकीचा आहे का?

मी मराठी दैनंदिन मालिकांच्या पटकथा लिहिते, बरीच वर्षं. ड्रॅगन आमच्या बजेटमध्ये बसत नाही, आमच्याकडे फार तर सासू उडते. पण गोष्ट ताणायची कशी आणि उरकायची कशी, या दोन्ही कला आम्हाला दर आठवड्याला वापराव्या लागतात, त्यामुळे या भांडणात तोंड घालायचा थोडा हक्क आहे असं समजते. दोन्ही मालिकांतल्या मोठ्या घटना पुढे उघड होणार आहेत. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांनी इथेच थांबावं.

मामेभावाचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. तुमचं म्हणणं पटतं, पण तुम्ही दिलेलं कारण पटत नाही.

आधी प्रश्न नीट मांडू. आपण ‘गती’ म्हणतो तेव्हा मनात हिशेब असतो तो एका तासात किती घटना घडल्या याचा. लिहिणाऱ्याच्या टेबलावर हा हिशेब फारसा कामाचा नसतो. तिथे विचारतात ते असं: कुणी काय ठरवलं, त्याची किंमत कुणाला मोजावी लागली, आणि ती मोजली जाताना प्रेक्षकाला दिसली का? पहिल्या निर्णयाची किंमत कुणी मोजायच्या आतच पुढची घटना येऊन आदळली की आपल्याला ‘घाई’ वाटते. निर्णयच होत नाही, किंवा झालेल्या निर्णयाची किंमत सारखी पुढे ढकलली जाते, तेव्हा ‘रेंगाळलं’ वाटतं. म्हणून एकच माणूस दोन्ही तक्रारी करू शकतो आणि दोन्ही वेळा खरं बोलत असतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या-माझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करते. दर सोमवारी सकाळी साडेसहाला उठून, आठवडाभर तर्क लढवत पाहणाऱ्याला जो एपिसोड कोरडा वाटतो, तोच एका रविवारी सलग चार एपिसोड पाहणाऱ्याला कळतही नाही. ज्या पुस्तकांवरून या मालिका बनल्या ती वाचलेला माणूस पुढची लढाई कुठे आहे हे जाणून असतो, म्हणून वाटेतला प्रत्येक मुक्काम त्याला लांब वाटतो. शिवाय ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चा पहिला सीझन ऑक्टोबर २०२२ मध्ये संपला आणि दुसरा जून २०२४ मध्ये आला. दीड वर्षाहून जास्त वाट पाहिलेल्या माणसाला आठ एपिसोड कमीच वाटणार. हे सगळं वजा केल्यावरही तक्रारीत दम उरतो, म्हणून हे एवढं लांब उत्तर.

गती जमलेली असते तेव्हा ती कशी दिसते, ते आधी पाहू. सगळ्यांना आठवतं ते ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या तिसऱ्या सीझनच्या नवव्या एपिसोडमधलं रक्ताचं लग्न. जून २०१३ मध्ये ते दाखवलं गेलं आणि लोक आठवडाभर सुन्न होते. ‘काय धक्का दिला!’ असं सगळे म्हणाले. माझ्या मते तो धक्का कमी आणि वसुली जास्त होती. पहिल्या सीझनच्या नवव्या एपिसोडमध्ये उत्तरेचा तरुण सरदार रॉब स्टार्क याच्या सैन्याला नदी ओलांडायची असते, पूल वॉल्डर फ्रे या सरदाराच्या ताब्यात असतो. रॉबची आई कॅटलिन आत जाऊन सौदा करते: पूल द्या, माझा मुलगा तुमच्या मुलीशी लग्न करेल. दुसऱ्या सीझनच्या शेवटी रॉब प्रेमात पडून भलतीशीच लग्न करतो. तिकडे कॅटलिन शत्रू लॅनिस्टर घराण्याच्या ताब्यातल्या आपल्या मुली सुटतील या आशेने कैदी जेमी लॅनिस्टरला सोडून देते. जेमीने रॉबच्याच सरदाराचा, कारस्टार्कचा, मुलगा मारलेला असतो, म्हणून कारस्टार्क खवळतो आणि कोठडीतल्या दोन लॅनिस्टर पोरांना कापतो. रॉब न्यायाला धरून कारस्टार्कचं डोकं उडवतो. त्याची माणसं सैन्य सोडून निघून जातात. आता रॉबला माणसं हवीत, आणि माणसं आहेत कुणाकडे? ज्याला दिलेला शब्द मोडला त्या फ्रेकडे. आणि फ्रे लग्नाच्या मेजवानीतच रॉबची आणि त्याच्या माणसांची कत्तल करतो.

वचनापासून कत्तलीपर्यंत बरोबर वीस एपिसोड गेले. त्या वीस एपिसोडमध्ये युद्धं दाखवायला फारसे पैसे नव्हते. रॉबने जिंकलेल्या लढाया बहुतेक पडद्याबाहेरच उरकल्यात, आपल्याला फक्त नंतरचा चिखल आणि जखमी दिसतात. तरी कुणी ‘संथ आहे’ म्हणालं नाही. कारण प्रत्येक टप्प्यावर एका माणसाने काहीतरी ठरवलं, ते त्याच्या स्वभावाला धरून होतं, आणि पुढच्या टप्प्याला ते त्याच्यावरच उलटलं. आमच्याकडे नव्या पोरांना ट्रॅकचा वन-लाइनर, म्हणजे कथेचा ओळीओळीचा आराखडा, लिहायला बसवलं की मी एकच अट घालते: दोन ओळींच्या मध्ये ‘मग’ लिहायचं नाही, ‘म्हणून’ किंवा ‘पण’ लिहायचं. ‘मग’ आलं की ओळ परत. रॉबची गोष्ट या अटीवर वीस एपिसोड टिकते.

आता सातव्या सीझनकडे या. चाहत्यांचा सगळ्यात आवडता आक्षेप प्रवासाचा. पहिल्याच एपिसोडमध्ये राजधानीहून उत्तरेतल्या विंटरफेलच्या किल्ल्यावर पोचलेली राणी सर्सी म्हणते, आम्ही महिनाभर प्रवास करतोय. आणि सातव्या सीझनच्या सहाव्या एपिसोडमध्ये जॉन स्नो आणि मंडळी उत्तर सीमेच्या भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात अडकतात, त्यांच्यातला गेंड्री पळत भिंतीपर्यंत जातो, तिथून निरोप घेऊन कावळा उडतो तो थेट दूर दक्षिणेच्या ड्रॅगनस्टोन बेटावर, आणि तिथली राणी डेनेरिस ड्रॅगन घेऊन हजर. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनीही नंतर मुलाखतीत मान्य केलं की काळाचं गणित त्यांनी मुद्दाम धूसर ठेवलं होतं. यावर लोकांनी नकाशे काढले, कावळ्याचा वेग मोजला, ड्रॅगनचा वेग मोजला. मजा आली वाचायला. पण मला हा आक्षेप दुय्यम वाटतो. प्रवास गाळणं हे आमचं रोजचं काम आहे. पुण्याची एसटी पकडलेली नायिका पुढच्या सीनला कोल्हापुरात दारात उभी असते आणि कुणी तिचं तिकीट मागत नाही. पहिल्या सीझनमध्ये तो महिना मैल मोजण्यासाठी ठेवलेला नव्हता. लोक रस्त्यावर असताना एकमेकांशी बोलत होते, बिनसत होते. हाउंड नावाचा योद्धा आणि रॉबची लहान बहीण आर्या यांचा सगळा प्रवास हे त्याचंच उदाहरण: पोचण्याचं ठिकाण जवळपास प्रत्येक वेळी हातचं जातं, पण ती दोघं बदलत जातात. सातव्या सीझनमध्ये मैल वाचवले याचं मला काही नाही. मैलांबरोबर ती बोलणीही गेली, याचं आहे.

माझ्या दृष्टीने मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. सहाव्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये सर्सी राजधानीतलं मुख्य मंदिर सुरुंगाने उडवते. आत धर्मगुरू, सर्सीची सून राणी मार्जरी, तिचा बाप, तिचा भाऊ, शिवाय दरबारातली कितीतरी माणसं. सर्सीचा स्वतःचा मुलगा ते बघून खिडकीतून उडी मारतो. तो सगळा भाग जवळजवळ संवादांशिवाय, पियानोच्या सुरांवर चालतो आणि अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण मग? ज्या शहराचा धर्मगुरू, ज्या शहराची लाडकी राणी एका दुपारी राख झाली, त्या शहराने काय केलं? दुसऱ्या सीझनमध्ये याच शहरातल्या भुकेल्या लोकांनी तेव्हाचा राजा जॉफ्री याच्यावर शेण फेकलं होतं, दंगल केली होती, धर्मगुरूला फाडून टाकलं होतं. सातव्या सीझनमध्ये सर्सीचा आरमारवाला साथीदार युरॉन कैद्यांची धिंड काढतो आणि तेच लोक टाळ्या वाजवतात. मालिकेतला तोवरचा सगळ्यात मोठा गुन्हा करून सर्सी निवांत सिंहासनावर बसते आणि तिला रस्त्यावरून एक दगडही येत नाही.

मला घाई दिसली ती इथे. कुणी पळत नव्हतं, ड्रॅगन सुसाट नव्हता, पण गोष्टीने हप्ता चुकवला. आठव्या सीझनचं दुखणं तिथूनच सुरू झालं असं मी मानते, कारण प्रेक्षकाने नकळत एक गोष्ट ओळखली: आता इथे केलेल्याचं भरावं लागत नाही. हे एकदा कळलं की पुढची प्रत्येक भव्य घटना थोडी हलकी होते.

आता तुमच्या दहा एपिसोडच्या मुद्द्याकडे. पहिले सहा सीझन दहा-दहाचे, सातवा सातचा, आठवा सहाचा, एकूण ७३. आकडा पाहून कात्री जोरात लागलेली वाटते. पण मिनिटं मोजा. आठव्या सीझनचे शेवटचे चार एपिसोड सिनेमाच्या लांबीचे होते. सहा मिळून सुमारे सात तास भरतात. पहिल्या सीझनचे दहा मिळून नऊ तासांच्या वर जातात. म्हणजे वेळ कमी झाला, पण निम्मा नाही झाला. मग तो गेला कुठे? आठव्या सीझनच्या एकट्या तिसऱ्या एपिसोडची रात्रीची लढाई ८० मिनिटांहून लांब. तिच्यात घटना शेकडो, निर्णय मोजके, आणि अंधार इतका की आमच्या घरी तीन वेळा टीव्हीचं सेटिंग बदललं गेलं. चार एपिसोड वाढवून मिळाले असते आणि तेही असेच भरले गेले असते, तर तुमची तक्रार तशीच राहिली असती.

हे डेनेरिसच्या बाबतीत नीट दिसतं. शेवटी तिने राजधानीचं शहर जाळणं ‘अचानक’ होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चाहूल पहिल्या सीझनपासून आहे. मिरी माझ दूर या चेटकिणीला तिने चितेवर बांधलं, मीरीन शहरात गुलामांच्या मालकांना खिळे ठोकून मारलं, डोथ्राकी टोळ्यांच्या सरदारांना झोपडीत कोंडून जाळलं, शरण न आलेल्या टार्ली बापलेकांना ड्रॅगनकरवी संपवलं. त्यातल्या बऱ्याच वेळा आपणच टाळ्या वाजवल्या, आणि हा लेखनाचा फार चांगला डाव होता. पण चाहूल देणं हे एक काम आणि माणूस बदलताना दाखवणं हे दुसरं. आठव्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये घंटा वाजतात, शहर शरण येतं, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर काही क्षण थांबतो, ती ड्रॅगन उडवते. त्यानंतर त्या एपिसोडमध्ये तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही. आपण खाली, राखेत, आर्याबरोबर. जाळपोळ खालून दाखवायची कल्पना उत्तम आहे, कारण मरणाऱ्यांच्या बाजूने पाहिल्याशिवाय त्या टाळ्यांची लाज वाटणार नाही. पण जिच्याबरोबर आपण आठ सीझन चाललो, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाच्या वेळी ती ड्रॅगनवरचा ठिपका होऊन जाते. पुढच्या एपिसोडमध्ये ती एक भाषण करते आणि निम्म्या वाटेवर जॉन तिला मारतो. किंमत मोजली गेली, पण मोजणारी आपल्याला दिसली नाही.

माझ्या हातात असतं तर मी आणखी एपिसोड मागितला नसता. घंटा वाजल्यावर एकदा तरी कॅमेरा वर न्या, आणि नंतर तिला तिच्या माणसांसमोर बसवा, सेनापती ग्रे वर्म असो की सल्लागार टिरियन, म्हणजे मी केलं ते बरोबर होतं हे ती स्वतःला कसं पटवते ते दिसेल. टिरियन तिच्या पायऱ्यांवर आपल्या पदाचा बिल्ला फेकतो तो क्षण आहे, पण तो त्याचा आहे. तिचा हवा होता. दहा मिनिटांचं काम आहे हे. युरॉनच्या आरमाराने तिचा एक ड्रॅगन पाडला, त्याचं स्पष्टीकरण मात्र दहा मिनिटांत सुधारलं नसतं. ‘ती त्या आरमाराबद्दल विसरली’ अशा अर्थाचं निर्मात्यांपैकी एकाने एपिसोडनंतर सांगितलं, आणि आजही चाहते ते हसत-रडत उगाळतात. राणी विसरते तेव्हा तो अपघात असतो, पात्राचा निर्णय नसतो, आणि अपघातावर गोष्ट फार काळ उभी राहत नाही.

संथपणाबद्दल मामेभावाला एक गोष्ट जरूर सांगा. त्याच आठव्या सीझनमधला दुसरा एपिसोड आठवतो का? लढाईच्या आदल्या रात्री मंडळी शेकोटीपाशी बसून दारू पितात, कुणी गातं, जेमी ब्रिएन या लढवय्या बाईला सरदार बनवतो. युद्धाच्या दृष्टीने त्यात काही घडत नाही. आणि सीझनवर चिडलेली माणसंही तो एपिसोड बाजूला काढून ठेवतात. पहिल्या सीझनमधलं उदाहरण तर याहून मजेदार आहे. तेव्हा काही एपिसोड लांबीला कमी भरले, म्हणून मालिकेचे निर्माते-लेखक बेनिऑफ आणि वाइस यांना नंतर बसून जादा सीन लिहावे लागले. शूटिंगला पैसे नाहीत, म्हणून दोन माणसं, एक खोली. त्यातला एक पाचव्या एपिसोडमधला राजा रॉबर्ट आणि सर्सीचा: नवरा-बायको वाइन पीत आपल्या फसलेल्या संसारावर हसतात, आणि रॉबर्ट कबूल करतो की जिच्यासाठी एवढं युद्ध केलं तिचा चेहराही आता आठवत नाही. पुस्तकात नसलेला, भरतीसाठी लिहिलेला हा सीन आज मालिकेतल्या सर्वोत्तम सीनमध्ये धरला जातो. आमच्याकडेही एपिसोड तीन मिनिटं कमी भरला की रात्री फोन येतो, ‘एक किचन सीन लिहून पाठवा.’ त्या किचन सीनमध्ये कधी कधी हाताला सोनं लागतं, कारण तिथे कथानक पुढे ढकलण्याची जबाबदारी नसते आणि माणसं खरं बोलून जातात.

म्हणून ‘हा सीन काढला तर कथानक बदलतं का?’ ही चाचणी मी वापरत नाही. तिच्यावर रॉबर्ट-सर्सी पहिल्या फेरीत बाद होतील. मी विचारते: हा सीन पाहिल्यावर प्रेक्षक या माणसांकडून वेगळं काही अपेक्षू लागला का? तो सीन पाहिल्यावर सर्सी निव्वळ दुष्ट बाई उरत नाही. दोन एपिसोडनंतर रॉबर्ट मरतो तेव्हा आपण त्या खोलीची आठवण घेऊन बघत असतो.

आता ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’. गंमत अशी की पहिल्या सीझनने काळावर जेवढ्या उड्या मारल्या तेवढ्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने कधीच मारल्या नाहीत. पाचव्या आणि सहाव्या एपिसोडच्या मध्ये दहा वर्षं गेली, राजकन्या रेनिरा आणि तिची मैत्रीण, पुढे तिच्या बापाची राणी झालेली अ‍ॅलिसेंट, यांच्या भूमिका करणाऱ्या मुली बदलल्या. आपल्याकडे याला ‘लीप’ म्हणतात आणि लीप आली की प्रेक्षक पाठ फिरवतील या भीतीने सगळं युनिट देव पाण्यात घालून बसतं. तिथे ती उडी पचली, कारण सहाव्या एपिसोडच्या पहिल्याच सीनमध्ये रेनिरा बाळंत होते, राणी बाळ लगेच दाखवायला मागते, आणि ही बाई रक्ताळलेल्या अवस्थेत जिने चढून राणीच्या महालात जाते. दहा वर्षांत या दोन मैत्रिणींचं काय झालं हे सांगायला एकही फ्लॅशबॅक लागला नाही. वर्षं गाळली, परिणाम ठेवला. त्याच सीझनमध्ये आजारी राजा व्हिसेरिस दरबारात सिंहासनापर्यंत चालत जातो, तो संथ सीन कुणीही लांबट म्हटलेला मी ऐकला नाही.

दुसऱ्या सीझनचा पहिला अर्धा भाग मला आजही घट्ट वाटतो, आणि ‘काही घडत नाही’ हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. मुलगा लुसेरिस मारला गेला म्हणून रेनिराला सूड हवा. सूड भलत्याच पोरावर, अ‍ॅलिसेंटचा मुलगा राजा एगॉन याच्या लहान मुलावर, उगवला. मारेकऱ्यांतला एक उंदीर पकडणारा, म्हणून एगॉन शहरातल्या सगळ्या उंदीर पकडणाऱ्यांना फासावर लटकवतो. म्हणून त्याचा आजोबा ओटो भडकतो आणि राजाच्या मुख्य सल्लागाराच्या पदावरून जातो. त्याच्या जागी क्रिस्टन कोल येतो, तो युद्धच करणार, आणि चौथ्या एपिसोडमध्ये रूक्स रेस्टच्या लढाईत रेनिराच्या बाजूची रेनीस मरते, एगॉन भाजून निघतो. दोन ओळींच्या मध्ये कुठेही ‘मग’ नाही.

त्यानंतर गाडी अडखळते. रेनिराचा नवरा डेमन तिसऱ्या एपिसोडमध्ये हॅरनहॉलच्या पडक्या किल्ल्यात पोचतो आणि शेवटपर्यंत तिथेच स्वप्नं बघतो. एका स्वप्नाने तो हलला असता तर दुसऱ्याची गरज नव्हती, आणि पहिल्याने हलला नाही तर चौथ्याने का हलावं, याचं उत्तर मला मिळालं नाही. रेनिरा आणि अ‍ॅलिसेंट तिसऱ्या एपिसोडमध्ये चोरून भेटतात, काही निष्पन्न होत नाही. आठव्यात पुन्हा भेटतात, या वेळी बाजू उलटी. दोन्ही सीन सुटे पाहिले तर सुंदर आहेत. एका सीझनमध्ये मात्र ते एकच वाक्य दोनदा बोलल्यासारखे होतात. आणि शेवटी सगळी सैन्यं कूच करतात, जहाजं निघतात, ड्रॅगन तयार होतात, आणि पडदा पडतो. सत्य सांगायला पात्राने तोंड उघडलं की दारावरची बेल वाजवायची, ही आमची जुनी लबाडी. आम्ही ती शनिवारी करतो आणि सोमवारी दार उघडतो. इथे प्रेक्षकाने बेल ऐकली आणि पुढचा सीझन कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सीझन दहाऐवजी आठचा झाला हे त्यामागचं एक कारण आहेच. पण आठ एपिसोड मिळणार हे ठरल्यावर आठव्याला काहीतरी भरून द्यायला हवं होतं. लढाई नको होती, एक न परतणारा निर्णय पुरला असता. राजधानी आणि मुलगा रेनिराच्या हवाली करण्याचा अ‍ॅलिसेंटचा देकार तसा आहे खरा, पण त्याची किंमत पुढच्या सीझनच्या खात्यावर टाकली.

लेखकांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर आमच्या धंद्यातले लोक मला वाळीत टाकतील. मूळ पुस्तकांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन स्वतः लेखकांचे दोन प्रकार सांगतात: आराखडा काढून घर बांधणारे आणि बी पेरून बाग लावणारे. ते स्वतःला बागवाले म्हणवतात. त्यांचं या पुस्तकमालेतलं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं, सहावं टीव्ही मालिका २०१९ मध्ये संपली तेव्हाही आलेलं नव्हतं. म्हणजे बेनिऑफ आणि वाइस यांना दुसऱ्याने वाढवलेल्या बागेवर घराचं छप्पर टाकायचं होतं. शेवटचे मोठे मुद्दे त्यांना माहीत होते, वाट माहीत नव्हती. ठरलेल्या जागी पोचायचं असतं तेव्हा पात्रं चालत नाहीत, ढकलली जातात. चॅनलने लग्नाची तारीख प्रोमोत जाहीर केल्यावर आमचंही हेच होतं.

आणि कापाकापीचे परिणाम लगेच दिसत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्टिननी आपल्या ब्लॉगवर ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’बद्दल लिहिलं होतं, ते थोड्याच वेळात काढूनही टाकलं. मुद्दा मेलोर या लहान मुलाचा होता. पुस्तकात एगॉनची बायको हेलेना हिला दोन मुलगे आहेत आणि मारेकरी तिला दोघांतला एक निवडायला लावतात. मालिकेने धाकटा मेलोर गाळला. इतक्या लहान पोराबरोबर शूटिंग अवघड, खर्च जास्त, ही कारणं अगदी व्यवहाराची होती, मीही कदाचित तेच केलं असतं. पण मार्टिनचं म्हणणं असं की त्या एका पोरावर पुढच्या कितीतरी घटनांची ‘म्हणून’ अडकलेली आहे. आज एक सीन आटोपशीर झाला, दोन सीझननंतर कुणीतरी विनाकारण काहीतरी करताना दिसेल आणि चाहते म्हणतील, घाई केली.

तेव्हा मामेभावाशी पुढचं भांडण करताना एपिसोड मोजू नका. त्याला एकेक घटना द्या आणि विचारा, यानंतर कुणाचं काय बिघडलं आणि ते आपल्याला दिसलं का? मंदिराचा स्फोट द्या. मीरीनचे मालक द्या. उंदीर पकडणाऱ्यांची फाशी द्या. तो प्रामाणिक असेल तर दोन्ही मालिकांच्या बाजूने आणि विरोधात त्याला बोलावंच लागेल. आणि त्याला एखादी जागा अशी सापडली जिथे परिणाम नीट दाखवलाय तरी तुम्हाला कंटाळा आला, तर मान्य करा की तो तुमचा कंटाळा आहे, लेखकाची चूक नव्हे. माझ्यापुरतं सांगायचं तर आर्याचा भाऊ ब्रान याच्या सगळ्या प्रवासाला मला हे मान्य करावं लागतं.

दुसरा सीझन पुन्हा बघायचा असेल तर पहिले चार एपिसोड एका बैठकीत बघा. पाच आणि सहा दुसऱ्या दिवशी, तेव्हा हॅरनहॉल लागलं की चहा ठेवायला हरकत नाही. सात आणि आठ मात्र तिसरा सीझन हाताशी असेल तेव्हाच, त्याच्या पहिल्या एपिसोडला जोडून.